रविवारी न धावणारा जगज्जेता : मेजर टेलर



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाची सक्ती केली नाही, हे बरं झालं. शाळेच्या आठवणी माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. दहावीनंतर मी विज्ञान घेतलं, मग इंजिनीअरिंग केलं आणि गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. तरी या वेळी इतिहासावर लिहावंसं वाटलं, कारण गेल्या काही वर्षांत एका माणसाच्या चरित्राने मला चांगलंच धरून ठेवलं आहे. त्याचं नाव मार्शल वॉल्टर टेलर. जगाने त्याला ‘मेजर टेलर’ म्हणून ओळखलं. सव्वाशे वर्षांपूर्वी सायकलच्या शर्यतीत तो जगज्जेता झाला आणि नंतर जग त्याला विसरून गेलं.

आपल्यापुढे हा विषय मांडायला एक कारण आहे. आपण सगळे सायकलवर वाढलो. सांडोर, पापडी, तामतलाव, गिरीज या वाटांवरून वाड्यांच्या कडेने जाणारी सायकल आपल्याला नवी नाही. वडिलांच्या उंच सायकलच्या दांड्याखालून पाय घालून ‘कैची’ मारत शिकलेले हात वर करा म्हटलं, तर मेळाव्यात अर्धं सभागृह हात वर करील. केळीचे घड, भाजीच्या टोपल्या, दुधाच्या किटल्या आणि मागे बसलेली धाकटी भावंडं, सगळं त्याच कॅरिअरवरून गेलं. म्हणून या गड्याची गोष्ट आपल्याला लवकर कळेल असं वाटतं.

सैनिकी कोट घातलेला पोरगा

टेलरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ रोजी अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहराजवळ झाला. आईवडील केंटकीहून आलेलं कृष्णवर्णीय जोडपं. वडील गिल्बर्ट हे अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले सैनिक. घरात आठ मुलं. वडिलांना साउदार्ड नावाच्या श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे गाडीवानाची नोकरी होती. त्या घरात डॅन नावाचा मार्शलच्याच वयाचा मुलगा होता. दोघांची गट्टी जमली आणि साउदार्डांनी मार्शलला मुलाचा सोबती म्हणून घरातच ठेवून घेतलं. डॅनला मास्तर शिकवायला येत, तेव्हा मार्शलही शेजारी बसून शिकला. डॅनसारखेच कपडे, डॅनसारखीच खेळणी आणि त्यात एक सायकल.

पण डॅनचे मित्र ज्या वाय.एम.सी.ए.च्या व्यायामशाळेत जात, तिच्या दारात मार्शलला अडवलं गेलं. मैदानावर तो कोणापेक्षा कमी नव्हता, आत मात्र त्याला प्रवेश नव्हता. आत्मचरित्रात त्याने लिहिलंय की रंगाचा भेद म्हणजे काय, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळलं. पुढे साउदार्ड कुटुंब शिकागोला गेलं. मार्शल आपल्या घरी परतला आणि सायकलवरून वर्तमानपत्रं टाकू लागला.

सायकलवर कसरती करायला तो आपला आपणच शिकला होता. ‘हे अँड विलिट्स’ नावाच्या सायकलच्या दुकानदारांनी ते पाहून त्याला नोकरीवर ठेवलं. काम काय, तर दुकान झाडायचं आणि दुपारी दुकानासमोर कसरती करून गर्दी जमवायची. कसरती करताना तो सैनिकी थाटाचा कोट घालायचा, म्हणून लोक त्याला ‘मेजर’ म्हणू लागले. दुकानाने भरवलेल्या दहा मैलांच्या शर्यतीत मालकाने गंमत म्हणून या तेराएक वर्षांच्या पोराला उभं केलं. थोडं अंतर जाऊन परत ये, लोकांना हसू येईल, असा बेत होता. पोरगा परत आलाच नाही. इतरांच्या आधी सोडला होता हे खरं, पण दहा मैल पुरे करून तो पहिला आला आणि अंतिम रेषा ओलांडताच कोसळला.

ट्रॅकचं गणित

पुढची हकिगत कळायला ट्रॅकची सायकल म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. माझ्यातली इंजिनीअर गप्प बसायला तयार नाही.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात आणि फ्रीव्हीलही नसतं. आपल्या सायकलवर उतारावर पाय थांबवून मजेत बसता येतं. तिथे चाक फिरतंय तोवर पॅडलही फिरणार, म्हणजे पायांना सुट्टी नाही. ट्रॅक लंबगोल असतो आणि वळणावर बाहेरची बाजू उंच उचललेली असते. आजच्या २५० मीटरच्या ट्रॅकवर हा चढ ४० अंशांच्याही पुढे जातो. वेगात वळताना सायकल बाहेर फेकली जाऊ नये म्हणून हा उतार. तिथे हळू जाल तर खाली घसराल.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे वारा. सपाट रस्त्यावर वेगात जाताना आपली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजायला लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. म्हणून पुढच्याच्या पाठीशी चिकटून, त्याच्या आडोशाला राहायचं आणि शेवटच्या क्षणी बाहेर पडून पुढे झेपावायचं, हा स्प्रिंट शर्यतीचा डाव. यामुळे कधीकधी दोघंही स्पर्धक सुरुवातीला अगदी हळू, जवळजवळ उभेच राहतात. पुढे कोण जाणार, यावर दोघांची नजरानजर चालते. मग शेवटच्या दोनएकशे मीटरमध्ये वीज पडल्यासारखी शर्यत संपते.

टेलर या डावाचा बादशहा होता. शरीराने आटोपशीर, मान खाली, पाठ सपाट. हँडलबार पुढे सरकवता येईल असा जोड तो वापरायचा, त्यामुळे अंग लांबवून हवेला कमीत कमी अडथळा होई. त्या जोडाला पुढे त्याचंच नाव पडलं. त्या काळात बरेच स्पर्धक ताठ बसून दामटत, आणि हा पोरगा आजच्या सायकलपटूंसारखा बसत होता.

आणखी एक लक्षात घ्या. आपण पाहतो तशी, दोन सारख्या चाकांची आणि साखळीची सायकल १८८५च्या सुमारास आली. हवा भरलेला डनलॉपचा टायर १८८८ मध्ये आला. म्हणजे टेलर आणि ही सायकल जवळजवळ बरोबरच वाढले. १८९०च्या दशकात अमेरिकेत सायकलचं वेड असं काही पसरलं होतं की मोठ्या शर्यतींना हजारो लोक तिकीट काढून येत आणि नामांकित सायकलपटू बेसबॉलच्या खेळाडूंपेक्षा अधिक कमवत.

सहा दिवस, सहा रात्री

टेलरच्या आयुष्यात या सुमारास लुई मंगर नावाचा माणूस आला. लोक त्याला ‘बर्डी’ म्हणत. तो स्वतः जुना शर्यतपटू आणि आता सायकली बनवणारा कारखानदार. हा मुलगा जगातला सर्वांत वेगवान सायकलस्वार होणार, असं तो लोकांना सांगत सुटला. गोऱ्या माणसाने काळ्या मुलाला एवढं पुढे करणं इंडियानापोलिसमध्ये अनेकांना रुचलं नाही. १८९५ मध्ये मंगर आपला उद्योग घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी गेला आणि टेलरलाही सोबत घेऊन गेला. वूस्टरच्या वाय.एम.सी.ए.ने त्याला आत घेतलं. इंडियानापोलिसने मात्र त्याला एकदा पाहुणा म्हणून बोलावून आणखी एक धडा दिला. १८९६ मध्ये तिथल्या ट्रॅकवर त्याने वेगाचे विक्रम मोडले, तर ते अधिकृत मानले गेले नाहीत आणि वर त्या ट्रॅकवर त्याला बंदी झाली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, अठराव्या वर्षी, तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये व्यावसायिक म्हणून उतरला. आधी अर्ध्या मैलाच्या शर्यतीत त्याने एडी बाल्ड या तेव्हाच्या अव्वल खेळाडूला हरवलं. मग सहा दिवसांची शर्यत. सहा दिवस आणि सहा रात्री गोल गोल फिरायचं, झोप ज्याची त्याने ठरवायची, जो जास्त अंतर कापेल तो जिंकला. शेवटी शेवटी टेलरला भास होऊ लागले. कोणीतरी सुरा घेऊन आपल्या मागे लागलंय असं तो म्हणू लागला. तरी त्याने १,७३२ मैल, म्हणजे जवळपास २,७८७ किलोमीटर अंतर कापलं आणि आठवा आला. वसईहून दिल्लीला जाऊन परत येण्याएवढं हे अंतर.

या अमानुष शर्यतींवर पुढे टीका झाली आणि न्यूयॉर्क राज्याने एका माणसाने दिवसात बारा तासांपेक्षा जास्त स्पर्धेत चालवायचं नाही असा कायदा केला. आयोजकांनी दोघादोघांच्या जोड्या करून त्यातून वाट काढली. ऑलिंपिकमध्ये आज ‘मॅडिसन’ नावाची जी जोडीची शर्यत असते, तिचं नाव त्याच सभागृहावरून आलं आहे.

शर्यत संपल्यावरची शर्यत

अमेरिकेतल्या सायकलस्वारांची सर्वांत मोठी संघटना ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’. तिने १८९४ मध्ये सभासदत्व फक्त गोऱ्यांसाठी, असा ठराव केला होता. (तो ठराव चुकीचा होता असं जाहीरपणे म्हणायला संघटनेला १९९९ साल उजाडावं लागलं.) टेलरला शर्यतींचा परवाना मिळे, पण दक्षिणेकडच्या राज्यांतले आयोजक त्याला उतरू देत नसत. तिथले गुण बुडाले की राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या हिशेबात तो मागे पडे.

उतरू दिलं तिथेही गोरे स्पर्धक आपसात संगनमत करून त्याला चारी बाजूंनी कोंडायचे. एकाने पुढे राहून वाट अडवायची, दुसऱ्याने बाजूने ढकलायचं. १८९७ मध्ये टॉन्टन या गावी शर्यत संपल्यावर बेकर नावाच्या स्पर्धकाने त्याला सायकलवरून ओढून खाली पाडलं आणि तो बेशुद्ध होईपर्यंत त्याचा गळा आवळला. शिक्षा काय झाली? ५० डॉलर दंड.

टेलरचं उत्तर ट्रॅकवर होतं. कोंडणाऱ्यांच्या हाती लागायचंच नाही, म्हणून तो फट दिसताच निसटायला शिकला, आणि कधी सुरुवातीपासूनच पुढे राहून शर्यत संपवायला. १८९८च्या अखेरीस सात जागतिक विक्रम त्याच्या नावावर होते. ऑगस्ट १८९९ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. एक मैलाच्या स्प्रिंटमध्ये टेलर जिंकला. कोणत्याही खेळात जगज्जेता झालेला तो दुसरा कृष्णवर्णीय. पहिला होता कॅनडाचा मुष्टियोद्धा जॉर्ज डिक्सन. जिंकल्यावर बँडने त्याच्या देशाची धून वाजवली. ज्या देशातल्या कित्येक ट्रॅकवर त्याला पाऊल ठेवता येत नव्हतं, त्या देशाची धून परक्या गावात ऐकताना त्याला फार अभिमान वाटला, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मला ही जागा वाचताना नेहमी थांबावं लागतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शिकागोत, पुढे वाफेवर चालणारी गाडी ठेवून तिच्या आडोशाने त्याने एक मैल १ मिनिट १९ सेकंदांत कापला. ताशी सुमारे ७३ किलोमीटर. पुढच्या वर्षी, १९०० मध्ये, तो अमेरिकेचा स्प्रिंट अजिंक्यवीर झाला. त्याच सुमारास त्याने वूस्टरमध्ये चांगल्या वस्तीत घर घेतलं, तर शेजाऱ्यांनी जास्त पैसे देऊ करून घर परत विकायला सांगितलं. त्याने विकलं नाही.

रविवारचा प्रश्न

आपल्या वसईकरांना या गोष्टीतला हा भाग सर्वांत जवळचा वाटेल. टेलर श्रद्धाळू बाप्तिस्त होता. रविवारी शर्यत करणार नाही, हा त्याचा नियम. रविवार देवाचा, हे आपल्यालाही लहानपणापासून ऐकून ठाऊक आहे. परीक्षा असो नाहीतर क्रिकेटची मॅच, रविवारची मिस्सा चुकवायची म्हटलं की घरात काय होई, ते आठवा. पण आपल्याला त्यासाठी फार तर एखाद्या मॅचचा पहिला तास गमवावा लागे. टेलरने काय गमावलं ते पाहा.

तेव्हा सायकल शर्यतींची खरी पंढरी होती पॅरिस, आणि तिथल्या मोठ्या शर्यती रविवारीच होत. फ्रेंच आयोजकांनी त्याला मोठमोठ्या रकमा देऊ केल्या. त्याने नकार दिला. रक्कम वाढवली, तरी नकार. अखेर १९०१ मध्ये आयोजकांनीच माघार घेतली आणि ‘रविवारी शर्यत नाही’ ही अट करारात लिहून त्याला युरोपात नेलं.

फ्रान्सचा अजिंक्यवीर एडमंड जॅकलिन याच्याशी त्याची गाठ पडली ती पार्क दे प्रिन्सेस या मैदानावर. तारखा पाहिल्या की गंमत कळते. पहिली लढत १६ मे, गुरुवार, म्हणजे प्रभू येशूच्या स्वर्गारोहणाचा सण. दुसरी २७ मे, म्हणजे पेन्टेकॉस्टच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार. रविवार नाही, पण सुट्टी तर हवी. आयोजकांनी चर्चच्या पंचांगातूनच वाट काढली!

पहिल्या लढतीच्या दिवशी कडक थंडी होती. टेलर दोन्ही फेऱ्या हरला. जॅकलिनने जिंकल्यावर नाकाला अंगठा लावून त्याला वेडावून दाखवलं. टेलरला पराभवापेक्षा ते जास्त लागलं. अकरा दिवसांनी ऊन पडलं होतं. पहिली फेरी टेलरने जिंकली. दुसरी फेरी सुरू होण्याआधी त्याने जॅकलिनपुढे हात केला आणि हस्तांदोलन केलं. मग तीही जिंकली आणि कमरेला खोचून आणलेला छोटा रेशमी अमेरिकन झेंडा काढून, तो फडकवत त्याने ट्रॅकला फेरी मारली. फ्रान्सच्या वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं.

मार्च १९०२ मध्ये त्याने डेझी मॉरिसशी लग्न केलं. त्यानंतर युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असे दौरे झाले. ऑस्ट्रेलियात गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ न देण्याचा कायदा नुकताच झाला होता, तरी प्रेक्षकांनी त्याच्यासाठी मैदानं भरून टाकली. मे १९०४ मध्ये सिडनीतच त्याला मुलगी झाली, म्हणून तिचं नाव सिडनी. त्या बाळाला घेऊन ते सॅन फ्रान्सिस्कोला उतरले, तर मायदेशाने स्वागत कसं केलं? हॉटेलांनी खोली नाकारली आणि जेवायलाही बसू दिलं नाही.

आपल्याकडचा त्याचा समकालीन

टेलरचं चरित्र वाचताना मला सारखे पळवणकर बाळू आठवत होते. टेलरपेक्षा साधारण दोन वर्षांनी मोठे, चर्मकार समाजात जन्मलेले. पुण्यात आधी पारशांच्या आणि मग गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी लावायची, हे त्यांचं काम. नेटमध्ये इंग्रज साहेबांना गोलंदाजी करता करता ते तयार झाले. हिंदूंच्या संघाला त्यांची फिरकी हवी होती, पण चहाच्या वेळी इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडू मात्र सगळ्यांच्या हातातून फिरत असे, त्याला विटाळ नव्हता! १९११च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ सपाटून हरत असताना या माणसाने शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

एक जण वूस्टरचा, एक पुण्या-मुंबईचा. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. पण दोघांच्या वाट्याला आलेला न्याय एकाच साच्यातला : खेळ तुझा हवा, पंगतीत तू नको. फरक एवढाच की बाळूंच्या मागे भाऊ होते, समाज होता. तरुण आंबेडकरांसारखे चाहते होते. पुढे १९३७च्या निवडणुकीत हेच दोघं एकमेकांसमोर उभे राहिले, ही वेगळी कथा. टेलर ट्रॅकवर एकटा होता.

उतरण

या एकटेपणाचा शीण पुढे दिसू लागला. १९०४ नंतर त्याचं मन आणि शरीर दोन्ही थकलं आणि जवळजवळ अडीच वर्षं तो शर्यतीपासून दूर राहिला. १९०७ मध्ये परत उतरला, काही मोठे विजयही मिळवले, पण पहिला वेग राहिला नव्हता. कारकिर्दीच्या या शेवटच्या टप्प्यात त्याने रविवारीही शर्यती केल्या. चरित्रकार हे लपवत नाहीत आणि मीही इथे गाळलं नाही. दहा वर्षं पाळलेला नियम माणूस कोणत्या दिवशी आणि कशासाठी मोडतो, हे बाहेरून सांगणं कठीण आहे. घर चालवायचं होतं. १९१० मध्ये, बत्तिसाव्या वर्षाच्या आतबाहेर, त्याने निवृत्ती घेतली.

निवृत्तीनंतर त्याला इंजिनीअर व्हायचं होतं. वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये त्याने प्रवेशासाठी अर्ज केला. शाळेचं अंतिम प्रमाणपत्र नाही, म्हणून प्रवेश मिळाला नाही. हा प्रसंग वाचला तेव्हा माझी दहावीची गुणपत्रिका आठवली. फायलीत तळाशी पडलेला पिवळट कागद. त्याच्या जोरावर मी पुढचे सगळे दरवाजे ओलांडले आणि त्याची किंमत कधी विचारात घेतली नाही. ज्या शिक्षकांनी आपल्याला तिथपर्यंत ओढून नेलं, त्यांना हे सांगायला हीच जागा योग्य आहे.

मग त्याने हवेऐवजी स्प्रिंगांवर चालणारं मोटारीचं चाक बनवण्याचा उद्योग काढला. तो बुडाला. आणखी धंदे झाले, तेही चालले नाहीत. शर्यतींत कमावलेली संपत्ती, घर, डेझीचे दागिने एकेक करून गेले. १९२८ मध्ये त्याने आपलं आत्मचरित्र स्वतःच छापलं. ‘जगातला सर्वांत वेगवान सायकलस्वार’ अशा अर्थाचं त्याचं नाव. जाडजूड पुस्तक, शर्यतींच्या तपशिलांनी आणि वर्तमानपत्रांतल्या उताऱ्यांनी भरलेलं. ते तो दारोदार फिरून विकत असे. एके काळी पॅरिसमध्ये ज्याला बघायला हजारोंची गर्दी लोटली, तो आता ओळख सांगून पुस्तक घ्या म्हणत होता.

डेझी वेगळी झाली. १९३० च्या सुमारास तो शिकागोला गेला आणि तिथे वाय.एम.सी.ए.च्या वसतिगृहात राहू लागला. लहानपणी ज्या संस्थेच्या दारातून त्याला परत फिरवलं होतं, तिच्याच एका शाखेत आता आसरा. हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही साथ देईनात. २१ जून १९३२ रोजी कुक काउंटी हॉस्पिटलच्या धर्मादाय वॉर्डात तो वारला. वय ५३. शव न्यायला कोणी आलं नाही. शिकागोजवळच्या माउंट ग्लेनवुड दफनभूमीत गरिबांसाठी राखलेल्या जागेत त्याला पुरलं. थडग्यावर नाव नव्हतं.

नाव कोण लिहितं?

सोळा वर्षांनी, १९४८ मध्ये, जुन्या सायकलपटूंच्या एका मंडळाने त्याचा शोध घेतला. श्विन सायकल कंपनीचे मालक फ्रँक श्विन यांनी पैसे दिले, दफन नव्या जागी झालं आणि त्यावर ब्राँझची पाटी बसली. त्याला बंदी घालणाऱ्या इंडियानापोलिसने १९८२ मध्ये आपल्या नव्या व्हेलोड्रोमला त्याचं नाव दिलं. वूस्टरच्या सार्वजनिक ग्रंथालयाबाहेर २००८ मध्ये त्याचं स्मारक उभं राहिलं. ऑफिसच्या कामासाठी मॅसॅच्युसेट्सला गेले असताना मी ते पाहून आले. जवळच्या रस्त्यालाही त्याचं नाव आहे. मुलगी सिडनीने वडिलांची कात्रणवही आणि कागदपत्रं जपून ठेवली. ती २००५ मध्ये, १०१ वर्षांची होऊन गेली. आज आपल्याला जे काही ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं त्याच्या पुस्तकामुळे आणि तिच्या जपणुकीमुळे.

आपल्याकडेही ट्रॅक आहे, हे सांगून ठेवते. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी पुण्यात बालेवाडीला उभारलेल्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात व्हेलोड्रोम आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिला सांघिक स्प्रिंट संघात महाराष्ट्राच्या मयुरी लुटे आणि शुशिकला आगाशे होत्या. क्रिकेटपटूंची नावं आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. ही दोन नावंही त्यांना सांगायला हवीत.

आणि शेवटी आपल्या शाळेपुरतं. टेलरला स्वतःचं पुस्तक स्वतः छापावं लागलं, कारण दुसरं कोणी लिहिणार नव्हतं. आपल्या वर्गांतही असे कितीतरी होते. जिल्हा पातळीवर धावलेल्या, आठवी-नववीनंतर शाळा सुटलेल्या मुली. लांब उडीत सगळ्यांना मागे टाकणारी, पाड्यावरून चालत येणारी वारली मुलं. घरची बोली तोंडून निघाली की वर्गात हसू पिके म्हणून गप्प बसणारे, पण मैदानात उतरले की ओळखू न येणारे. कपाटातल्या ढाली आणि कप त्यांनी आणले. त्यांतल्या किती जणांची नावं आज कोणाकडे लिहिलेली आहेत?

म्हणून एक विनंती. मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर एक कोरी वही ठेवूया. प्रत्येक बॅचने आपल्या वर्गातल्या खेळाडूंची नावं, खेळ, वर्ष आणि निकाल त्यात लिहावेत. जे आज मेळाव्याला येऊ शकलेले नाहीत त्यांची नावं आधी. खेळाचे सर आणि बाई समोर असतीलच, तेव्हा कोणाचं साल चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त होईल. त्या वहीची स्वच्छ प्रत टाइप करून शाळेच्या ग्रंथालयाला देण्याचं काम मी अंगावर घेते.